प्राएनेस्ते येथील फोर्तूनाचे देवस्थान कसे पाहावे आणि कसे समजून घ्यावे

रोमच्या पूर्वेला सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर, जिनेस्त्रो डोंगराच्या दक्षिण उतारावर पालेस्त्रिना हे गाव वसलेले आहे. प्राचीन काळी त्याचे नाव प्राएनेस्ते होते. लॅटिन बोलणाऱ्या इटालिक लोकांचे ते एक बलाढ्य आणि स्वाभिमानी नगर होते, आणि फोर्तूना प्रिमिगेनिया या भाग्यदेवीचे तेथील देवस्थान कौलासाठी इटलीभर प्रसिद्ध होते. आजचे गाव या देवस्थानाच्या अंगावरच उभे आहे. अनेक घरांच्या मागच्या भिंती मुळात देवस्थानाच्या आधारभिंती आहेत, गल्ल्या जुन्या टप्प्यांच्या कडेने जातात, आणि सर्वांत वरच्या अर्धवर्तुळाकार बांधकामावर एका उमराव घराण्याचा वाडा बसलेला आहे. त्यामुळे पूर्वतयारी न करता गेलेल्या माणसाला सुंदर गाव, उंच भिंती आणि दूरवरचा देखावा एवढेच दिसते, आणि इ.स.पू. दुसऱ्या शतकातील इटलीतील सर्वांत धाडसी वास्तुरचनांपैकी एक रचना त्याच्या डोळ्यांसमोर असूनही निसटून जाते.

हे टाळायचे असेल, तर येथे फिरताना तीन गोष्टी मनात काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्यात. भिंतींत आणि जमिनीत आज प्रत्यक्ष दिसते ती एक, प्राचीन लेखकांनी आणि शिलालेखांनी नोंदवलेली दुसरी, आणि गेल्या चारशे-पाचशे वर्षांत अभ्यासकांनी व चित्रकारांनी जुळवून मांडलेली तिसरी. पालेस्त्रिनाविषयीचे बहुतेक गैरसमज या तीन गोष्टींची सरमिसळ केल्यामुळे झालेले आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवल्या की हे स्थळ आश्चर्यकारक स्पष्टतेने उलगडू लागते.

जाण्याआधी दोन मजकूर वाचावेत

पहिला मजकूर रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याचा आहे. इ.स.पू. ४४ मध्ये भविष्यकथनाची चिकित्सा करताना त्याने प्राएनेस्तेच्या कौलाची कथा थोडक्यात दिली आहे. नुमेरिउस सुफ्फुस्तिउस नावाच्या तेथील एका प्रतिष्ठित गृहस्थाला वारंवार स्वप्ने पडू लागली आणि शेवटी त्या स्वप्नांतून त्याला धाकही मिळू लागला; एका ठरावीक जागी गारेचा खडक फोडावा, असा त्यांत आदेश होता. गावकरी हसत असतानाही त्याने खडक फोडला, तेव्हा आतून ओकच्या लाकडाच्या, जुन्या वळणाची अक्षरे कोरलेल्या पट्ट्या बाहेर पडल्या. सिसेरोच्या काळी ती जागा कुंपण घालून राखलेली होती आणि तिच्याजवळ फोर्तूनाची मूर्ती होती. देवीच्या मांडीवर रोमन देवांचा राजा ज्युपिटर आणि त्याची राणी जुनो बालरूपात बसलेले होते, ज्युपिटर तिच्या स्तनाकडे झेपावत होता, आणि गावातील माता या मूर्तीची मोठ्या शुचितेने पूजा करीत असत. त्याच सुमारास, जेथे पुढे फोर्तूनाचे देऊळ झाले त्या जागी, एका ऑलिव्हच्या झाडातून मध पाझरला. शकुन जाणणाऱ्यांच्या सांगण्यावरून त्या झाडाच्या लाकडाची पेटी करून पट्ट्या तिच्यात ठेवण्यात आल्या. देवीची अनुज्ञा मिळाली की एक लहान मुलगा त्या मिसळत असे आणि हाताने बाहेर काढत असे. कोकणात गुरव मूर्तीला कळे लावून कौल घेतो ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या विधीतील ताण आणि शांतता वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

सिसेरोचा स्वतःचा या कौलावर विश्वास नव्हता, आणि आता फक्त सामान्य लोकच तेथे जातात असे त्याने म्हटले आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, त्याचा मजकूर स्थळ समजण्यासाठी मोलाचा आहे, कारण देवस्थानाचे माहात्म्य वाढवण्यात त्याला काहीही रस नव्हता. त्याच्या लेखनातील एक बारकावा टिपून ठेवावा: तो दोन जागा सांगतो. एक पट्ट्या सापडल्याची आणि तिच्याजवळ अर्भकांसह असलेल्या देवीची, आणि दुसरी मध पाझरल्याची, जेथे देऊळ उभे राहिले. टप्पे चढताना या दोन जागांचाच शोध घ्यायचा आहे.

दुसरा मजकूर अगदी लहान आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील एका कांस्यपत्र्यावर ओर्केविया नावाच्या, नुमेरिउसच्या पत्नीने जुन्या लॅटिनमध्ये कोरवून ठेवले आहे की, अपत्यजन्माच्या निमित्ताने तिने ज्युपिटरची प्रथमकन्या असलेल्या फोर्तूनाला हे दान दिले. येथे देवी ज्युपिटरची मुलगी आहे आणि सिसेरोच्या वर्णनात ती ज्युपिटरला अंगावर पाजणारी माता आहे. हा विरोध मिटवून टाकण्याचा प्रयत्न अनेकांनी केला, परंतु माझ्या मते तो तसाच राहू द्यावा. देवी एकाच वेळी सर्वांत पहिली जन्मलेली आणि सर्वांना जन्मास घालणारी असू शकते, हे त्या मातांना खटकले नसावे. महत्त्वाची गोष्ट ही की, राजे आणि सेनापती येथे कौलासाठी येऊ लागले तरी देवस्थानाच्या गाभ्यात बाळंतपण, मूल आणि त्याचे भविष्य हेच विषय होते.

या दोन मजकुरांसोबत नगराचा राजकीय स्वभावही ठाऊक असावा. इ.स.पू. २४१ मध्ये लुतातिउस नावाच्या कॉन्सलला, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला, प्राएनेस्तेच्या फोर्तूनाचा कौल घेण्यास रोमच्या सिनेटने मनाई केली, कारण राज्यकारभार रोमच्या स्वतःच्या शकुनांवर चालावा, परक्या शकुनांवर नाही, असे तिचे म्हणणे होते. रोमपासून एका दिवसाच्या चालीवरचे हे नगर तेव्हा कायद्याने परके होते. इ.स.पू. २१६ मध्ये कासिलिनुमच्या वेढ्यात प्राएनेस्तेच्या सैनिकांनी कार्थेजचा सेनापती हानिबाल याच्याविरुद्ध, रोमच्या बाजूने, चिवटपणे तग धरला. सिनेटने त्यांना बक्षीस म्हणून दुप्पट वेतन आणि सेवेतून पाच वर्षांची सूट दिली, आणि रोमचे नागरिकत्वही देऊ केले. परंतु त्यांनी आपले नागरिकत्व बदलले नाही, असे रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. त्यांचा नायक मार्कुस आनिकिउस याचा पुतळा नगराच्या चौकात उभारला गेला आणि त्यावरील मजकूर फोर्तूनाच्या देवळातील तीन मूर्तींखालीही कोरला गेला. इ.स.पू. १९४ मध्ये रोमने स्वतःच्या क्विरिनाल टेकडीवर याच देवीचे देऊळ अर्पण केले, आणि इ.स.पू. १६७ मध्ये बिथिनियाचा राजा प्रुसिआस याने प्राएनेस्तेला येऊन यज्ञबळी देण्याची परवानगी सिनेटकडे मागितली. बंदीपासून राजमान्यतेपर्यंतचा हा प्रवास सुमारे पाऊण शतकाचा आहे, आणि डोंगरावरील भव्य बांधकामाची पार्श्वभूमी तोच समजावतो.

बांधकामाचा काळ: नावांवरून कसा ठरला

जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत हे देवस्थान रोमचा सेनापती आणि पुढे हुकूमशहा झालेला सुल्ला याने बांधले असे आढळते, आणि आजही काही फलकांवर व संकेतस्थळांवर ते वाचायला मिळते. हा समज कसा निर्माण झाला आणि तो का सोडावा लागला, हे समजून घेणे हा पुरातत्त्वाचा एक उत्तम धडा आहे.

इ.स.पू. ८२ मध्ये रोममधील यादवी युद्धात सुल्लाचा विरोधक धाकटा मारिउस याने प्राएनेस्तेच्या तटबंदीआड आश्रय घेतला. सुल्लाच्या सैन्याने वेढा घातला, नगर पडले, मारिउसचा अंत झाला, आणि नगरातील पुरुषांची सरसकट कत्तल करण्यात आली. त्यानंतर सुल्लाने तेथे आपल्या निवृत्त सैनिकांची वसाहत केली. रोमन लेखक थोरला प्लिनी यानेही एके ठिकाणी लिहिले आहे की, बारीक तुकड्यांची फरसबंदी सुल्लाच्या काळात सुरू झाली आणि प्राएनेस्ते येथील फोर्तूनाच्या देवळात त्याने केलेली फरशी अजून शिल्लक आहे. या दोन गोष्टी एकत्र करून, विनाशानंतर सुल्लानेच संपूर्ण डोंगर नव्याने रचला, असा निष्कर्ष काढला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर फुरिओ फासोलो आणि जॉर्जो गुल्लिनी यांनी बांधकामाचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा हे सारे सुल्लाच्या बरेच आधीचे असले पाहिजे, असे मत पुढे आले.

निर्णायक पुरावा मात्र नावांचा ठरला. प्राएनेस्तेच्या दफनभूमीतील शेकडो लहान स्मृतिशिळांवर स्थानिक घराण्यांची नावे कोरलेली आहेत. कत्तलीनंतर यांतील बहुतेक घराणी गावाच्या शिलालेखांतून जवळजवळ नाहीशी होतात आणि त्यांच्या जागी नव्या वसाहतकऱ्यांची नावे दिसू लागतात. शिलालेखांचे अभ्यासक आत्तिलिओ देग्रास्सी यांनी दाखवून दिले की, देवस्थानाच्या बांधकामाशी संबंधित लेखांत येणारी नावे जुन्या घराण्यांची आहेत. मृतांनी बांधकाम केले नसणार, हा साधा तर्क येथे कामी आला. त्यामुळे आज हे देवस्थान सर्वसाधारणपणे इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, म्हणजे सुल्लाच्या सुमारे एक पिढी आधी उभारले गेले असे मानले जाते. त्यासाठी लागलेला पैसा कोठून आला याचेही उत्तर नावांतच सापडते, कारण हीच घराणी त्या काळी एजियन समुद्रातील देलोस बेटावर व्यापार करताना आढळतात. इ.स.पू. १६६ पासून देलोस हे करमुक्त बंदर होते आणि इटालिक व्यापाऱ्यांनी तेथे अमाप संपत्ती मिळवली. पूर्वेकडील टप्प्याटप्प्यांची देवस्थाने त्यांनी तेथेच आणि आसपासच्या बेटांवर पाहिली असणार.

गावात पोहोचल्यावर आधी खालचा चौक

रोमच्या आनान्यिना मेट्रो स्थानकावरून पालेस्त्रिनाला बस जाते, किंवा कासिनोच्या मार्गावरील रेल्वेने झागारोलो स्थानकावर उतरून पुढे बसने जाता येते. संग्रहालय डोंगरावर, सर्वांत वरच्या वाड्यात आहे, आणि तेथून टप्प्यांवर उतरता येते. पुष्कळ पर्यटक म्हणूनच वरूनच सुरुवात करतात आणि वरूनच परततात. शक्य असेल तर असे करू नये. ही रचना खालून वर येणाऱ्या भाविकासाठी आखलेली आहे, आणि वरून उतरणाऱ्याला तिची संपूर्ण मांडणी उलटी दिसते.

सुरुवात रेजिना मार्गेरिता चौकातून करावी. येथे सांत आगापितो या संताचे मुख्य चर्च आहे आणि त्याच्या बांधणीत एका प्राचीन देवळाचे टफ दगडाचे चिरेबंदी भाग सामावलेले आहेत. चर्चच्या भिंतीजवळ उभे राहून दगडांचे आकार पाहावेत: मोठे, काटकोनात घडवलेले चिरे प्राचीन आहेत आणि त्यांच्यावर चढवलेले लहान, मिश्र दगडांचे काम मध्ययुगीन आहे. हा नगराचा चौक होता. त्याच्या कडेला नगराचा खजिना ठेवण्याची खोली होती, आणि ती आनिकिउस व मेर्सिएइउस या दोन नगराधिकाऱ्यांनी बांधून घेतली असा लेख तेथे आहे. कासिलिनुमच्या वीराच्या घराण्याचे नाव येथे पुन्हा भेटते.

चर्चला लागून असलेल्या जुन्या धर्मविद्यालयाच्या आवारात दोन विलक्षण जागा आहेत. एक आहे मागे अर्धवर्तुळाकार कोनाडा असलेले दालन. याच दालनाच्या जमिनीवर नाईल नदीचे सुप्रसिद्ध कुट्टिमचित्र (रंगीत दगडांचे बारीक तुकडे जडवून केलेले चित्र, मोझेक) होते. दुसरी आहे खडकातील नैसर्गिक गुहा वाढवून केलेले कुहर, ज्याच्या जमिनीवर माशांचे आणि समुद्राचे कुट्टिमचित्र आहे आणि त्यावरून पाण्याचा पातळ थर वाहता ठेवलेला असे, जेणेकरून मासे पाण्यातच पोहत आहेत असे वाटावे. या जागा नेहमी उघड्या नसतात, म्हणून निघण्यापूर्वी संग्रहालयाकडे चौकशी करून ठेवावी.

या गुहेला आजही कौलाची गुहा म्हणतात. ओराझिओ मारुक्की यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी, पट्ट्या सापडल्याची जागा हीच, असे मांडले आणि नाव रूढ झाले. येथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा नियम वापरून पाहावा. गुहा खरी आहे आणि चित्र खरे आहे, परंतु कुंपण घातलेली जागा, देवीची मूर्ती किंवा पट्ट्यांची पेटी यांचा कोणताही माग येथे नाही. आता अनेक अभ्यासक चौकातील या दालनांचा संबंध इजिप्शियन देवतांशी, विशेषतः इसिसशी जोडतात, कारण देलोसच्या व्यापाऱ्यांना इसिसची उपासना परिचित होती आणि नाईलचे चित्र तिच्या मंदिरात शोभून दिसते. मला हे मत अधिक पटते, तथापि दालनाचा नागरी वापरही शक्य आहे, आणि हा वाद मिटलेला नाही.

टप्पे चढताना

खालच्या गावातून वर पाहिले की पहिल्यांदा प्रचंड अनियमित दगडांची भिंत नजरेत भरते. चुना न वापरता, बहुभुज आकाराचे चुनखडीचे दगड एकमेकांत अचूक बसवून ती रचलेली आहे. अशाच भिंती नगराच्या तटबंदीत आहेत आणि त्या डोंगरमाथ्यावरील कास्तेल सान पिएत्रो या जुन्या बालेकिल्ल्यापर्यंत चढत जातात. तिच्यावरील टप्प्यांत बांधणीची पद्धत बदलते, आणि हा बदल स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे फार आवश्यक आहे. भिंतीजवळ जाऊन पाहिले तर मुठीएवढे किंवा त्याहून थोडे मोठे, ओबडधोबड पण दर्शनी बाजूने सपाट केलेले चुनखडीचे दगड चुन्यात दाटीने बसवलेले दिसतात. हा केवळ बाहेरचा थर आहे. त्याच्यामागे चुना, ज्वालामुखीय राख आणि दगडांचे तुकडे यांचा ओतीव काँक्रीट गाभा आहे. जेथे दर्शनी दगड गळून पडले आहेत तेथे हा गाभा उघडा पडलेला असतो. त्यात बोटाच्या टोकाएवढ्या कपच्यांपासून वीतभर दगडांपर्यंत सगळे एकत्र दिसते. या काँक्रीटमुळेच डोंगर कापून त्यावर एकामागोमाग एक कमानींचे मजले चढवता आले. एकसारख्या राखाडी सिमेंटच्या रेषा मात्र विसाव्या शतकातील दुरुस्तीच्या आहेत, आणि प्राचीन भाग ओळखताना त्या वगळाव्यात.

यानंतर दोन उतरणी येतात. त्या डावीकडून आणि उजवीकडून चढत येऊन मध्यभागी मिळतात. प्रत्येक उतरणीचा एक भाग खांबांवरच्या छपराखाली होता आणि दरीकडील बाजूला भिंत होती. म्हणजे चढणाऱ्याला बाहेरचे काहीही दिसत नसे. येथे खांबांची शीर्षे थांबून पाहावीत, कारण अशी दृश्ये प्राचीन वास्तुशास्त्रात फार क्वचित भेटतात. उतरणीच्या चढाशी जुळावे म्हणून डोरिक या साध्या ग्रीक पद्धतीची शीर्षे तिरकी घडवलेली आहेत. खांब सरळ उभा आहे आणि त्याचे डोके उताराच्या कोनात कललेले आहे. ग्रीक शैलीच्या नियमांना हे मान्य झाले नसते. येथील कारागिरांनी नियमापेक्षा चालणाऱ्या माणसाची पावले महत्त्वाची मानली, असे मला या एका तपशिलावरून वाटते.

दोन्ही उतरणी मध्यावर मिळाल्या की अंधार संपतो आणि संपूर्ण मैदान समुद्राच्या दिशेपर्यंत एकदम उघडे पडते. तेथून मध्यावरचा जिना सरळ वर चढतो. हा परिणाम योजनापूर्वक साधलेला आहे, आणि तो फक्त खालून येणाऱ्यालाच मिळतो.

पुढचा टप्पा अर्धवर्तुळांचा. जिन्याच्या दोन्ही बाजूंना, आयोनिक खांबांच्या रांगा असलेली आणि नक्षीदार कप्प्यांच्या वळणदार छताची दोन अर्धवर्तुळे आहेत. पूर्वेकडील अर्धवर्तुळासमोर, म्हणजे वर चढणाऱ्याच्या उजव्या हाताला, एक विहीर आहे. तिच्यावर पूर्वी खांबांची लहान गोल छत्री होती आणि तिच्या शेजारी मूर्तीसाठी जागा होती. सिसेरोच्या दोन जागांपैकी पहिली हीच असावी, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात, कारण कुंपण घातलेली, खोलवर जाणारी आणि मूर्तीशेजारची अशी दुसरी जागा संपूर्ण रचनेत नाही. दोन अर्धवर्तुळे सारखी दिसत असूनही एकाच्याच समोर ही विहीर आहे, आणि अशा काटेकोर समतोलाच्या वास्तूत हा असमतोल मुद्दाम राखला गेला असला पाहिजे. नवी भव्य रचना आखताना वास्तुकारांनी जुन्या पवित्र जागेला हात लावला नाही. उलट सारा डोंगर तिच्याभोवती बसवला. या विहिरीजवळ इतर कोठल्याही ठिकाणापेक्षा जास्त वेळ थांबावे, असा माझा आग्रह आहे.

त्यावरील टप्प्यावर अर्धखांबांच्या चौकटीत बसवलेल्या कमानींची रांग आहे. अर्धखांब भार पेलत नाहीत, भार कमानी आणि काँक्रीट पेलतात, आणि हीच चौकट पुढे रोमच्या मोठमोठ्या नाट्यगृहांत आणि क्रीडांगणांत पदोपदी दिसते. सर्वांत वर कोर्तिना नावाचे प्रशस्त पटांगण आहे. त्याच्या तीन बाजूंना खांबांच्या ओवऱ्या होत्या, आणि मागच्या बाजूला अर्धवर्तुळाकार पायऱ्या चढत जातात, ज्यांवर बसून भाविक पटांगणातील सोहळे पाहत असत. पायऱ्यांच्या माथ्यावर आणखी एक अर्धवर्तुळाकार ओवरी आणि तिच्यामागे गोल देऊळ होते. सिसेरोची दुसरी जागा, मध पाझरल्याची, येथे असावी.

आज या पायऱ्यांच्या वर दिसणारा वक्र दर्शनी भाग कोलोन्ना आणि नंतर बार्बेरिनी घराण्याच्या वाड्याचा आहे. कोलोन्ना घराण्याशी असलेल्या वैरातून पोप आठव्या बोनिफासने इ.स. १२९८ मध्ये गाव उद्ध्वस्त केले होते आणि १४३७ मध्ये ते पुन्हा जमीनदोस्त झाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस वाडा प्राचीन अर्धवर्तुळावर बसवला गेला, आणि १६३० मध्ये गाव बार्बेरिनींकडे गेले. पाल्लादिओपासून पिएत्रो दा कोर्तोनापर्यंत अनेक वास्तुकारांनी या अवशेषांवरून मूळ देवस्थानाची कल्पनाचित्रे काढली. ती सुंदर आहेत आणि त्यांचा युरोपच्या वास्तुकलेवर मोठा परिणाम झाला, परंतु तेव्हा टप्प्यांवर घरे होती आणि खालचे बरेचसे झाकलेले होते, हे ती पाहताना विसरू नये. ही घरे १९४४च्या बॉम्बहल्ल्यांत कोसळली. लोकांच्या प्राणांच्या आणि घरांच्या मोलाने प्राचीन टप्पे उघडे पडले, आणि ढिगारे हलवताना त्यांची पद्धतशीर तपासणी झाली. आज ज्या स्वच्छ टप्प्यांवर आपण चालतो त्यांच्यामागे हे दुःख आहे, याची जाणीव ठेवूनच तेथे वावरावे.

संग्रहालयात काय आणि कोणत्या क्रमाने

वाड्यातील संग्रहालय १९५६ मध्ये सुरू झाले. आत शिरल्यावर आधी देवस्थानाची प्रतिकृती शोधावी आणि नुकत्याच चढलेल्या मार्गावरून बोट फिरवावे. नंतर दफनभूमीतील स्मृतिशिळांकडे जावे. त्यांतील अनेक पाइन वृक्षाच्या फळाच्या आकाराच्या आहेत आणि त्यांवर नुसती नावे आहेत. वर सांगितलेला काळनिर्णय ज्या नावांवर आधारलेला आहे, ती येथे समोर दिसतात, म्हणून चार-पाच शिळांवरील अक्षरे सावकाश वाचावीत. लॅटिन लिपी येत असेल तर घराण्याचे नाव सहज ओळखता येते. भाजलेल्या मातीची नवसाची अवयवरूपे आणि अर्भकाच्या मूर्तीही पाहाव्यात. लातिउम प्रांतातील देवस्थानांत अशी अर्पणे सर्वत्र आढळतात, परंतु ओर्केवियाचा लेख वाचून आलेल्याला त्यांचा अर्थ अधिक जवळून लागतो.

नाईलचे कुट्टिमचित्र सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. ते सुमारे ५.८५ मीटर रुंद आणि ४.३१ मीटर उंच असून इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे मानले जाते. वरच्या भागात इथिओपियाच्या खडकाळ प्रदेशातील शिकारी आणि प्राणी आहेत, आणि अनेक प्राण्यांशेजारी त्यांची नावे ग्रीक अक्षरांत लिहिलेली आहेत. खालच्या भागात पुराने वेढलेले इजिप्त आहे: मंदिरे, होड्या, पाणघोडे, मगरी, आणि वेलींच्या मांडवाखाली मेजवानीला बसलेली मंडळी. हे चित्र पाहताना एक खबरदारी घ्यावी. १६२०च्या दशकात ते तुकडे करून रोमला नेले गेले आणि १६४०च्या सुमारास परत आणताना त्याची बरीच मोडतोड झाली. त्यानंतर ते पुन्हा जुळवले गेले आणि एकोणिसाव्या शतकातही त्याची दुरुस्ती झाली. मांडवाखालच्या मेजवानीचा मूळ तुकडा आज बर्लिनमध्ये आहे. रोममधील संग्राहक कासियानो दाल पोत्सो याने मोडतोडीपूर्वी सुट्या तुकड्यांची जलरंगचित्रे करवून घेतली होती, ती सुदैवाने टिकली आणि त्यांवरून कोणता भाग जुना हे बरेचसे ठरवता आले. म्हणून सुटी दृश्ये विश्वासाने पाहावीत, परंतु एका दृश्यानंतर दुसरे का आले, याविषयीचे मोठे अर्थ सावधपणे घ्यावेत. प्लिनीने उल्लेखिलेली सुल्लाची फरशी हीच, असे पूर्वी सर्रास म्हटले जाई. काळ जुळत नाही आणि जागाही देवळाची नसून चौकातील दालनाची आहे, त्यामुळे ते म्हणणे आता टिकत नाही.

रोममध्ये ठेवलेले प्राएनेस्ते

प्राएनेस्तेच्या अनेक महत्त्वाच्या वस्तू रोमच्या संग्रहालयांत आहेत, आणि त्या पाहिल्याशिवाय नगराची ओळख अपुरी राहते. व्हिला जुलिया या संग्रहालयात इ.स.पू. सातव्या शतकातील बार्बेरिनी आणि बेर्नार्दिनी कबरींतील सोने, चांदी आणि हस्तिदंत आहे. देवस्थानाच्या पाचशे वर्षे आधीही हे नगर किती संपन्न होते, हे त्यावरून कळते. तेथेच कांस्याची मोठी नक्षीदार पेटी आहे, जी १७३८ मध्ये सापडली आणि शोधकाच्या नावावरून फिकोरोनी पेटी म्हणून ओळखली जाते. दिन्दिया माकोल्निया नावाच्या स्त्रीने ती मुलीला दिली आणि नोविओस प्लाउतिओसने ती रोममध्ये घडवली, असे तिच्यावरच कोरलेले आहे.

प्राएनेस्तेच्या सोन्याच्या पिनेविषयी मात्र जपून बोलावे. तिच्यावर अतिप्राचीन लॅटिन लेख आहे आणि १८८७ मध्ये वोल्फगांग हेल्बिगने ती पुढे आणली, पण ती नेमकी कोणत्या कबरीतून आली याची विश्वसनीय नोंद नव्हती. १९८० मध्ये मार्गेरिता ग्वार्दुच्ची यांनी ती बनावट असल्याचे मांडले, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तांत्रिक तपासणीने तिच्या प्राचीनतेची बाजू घेतली. जमिनीतील संदर्भ हरवला की एका वस्तूवर शतकभर कसा वाद चालतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

शेवटी रोमच्याच पालात्सो मासिमो या संग्रहालयातील संगमरवरी पंचांगाचे तुकडे पाहावेत. सम्राट ऑगस्टसच्या नातवांचा शिक्षक वेर्रिउस फ्लाक्कुस याने हे पंचांग प्राएनेस्तेच्या चौकात लावले होते, आणि त्याचे तुकडे १७७१ मध्ये सापडले. एप्रिलच्या रकान्यात फोर्तूना प्रिमिगेनियाच्या दोन दिवसांच्या महायज्ञाची नोंद आहे, आणि त्यांपैकी ज्या दिवशी कौलस्थान खुले असेल त्या दिवशी नगराचे दोन मुख्य अधिकारी वासराचा बळी देतील, असे तीत स्पष्ट लिहिले आहे. कौल रोज मिळत नसे आणि त्याचे दिवस नगराच्या कारभारात ठरलेले होते, ही गोष्ट एवढ्या नेमकेपणाने इतर कोठेही नोंदलेली आढळत नाही.